चार पायांचा नायक
(तृतीय वर्ष, कला)

गेल्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या चित्रपट मंडळाच्या भित्तिपत्रकाला दुसरे बक्षीस मिळाले, हे काही वाचकांच्या स्मरणात असेल. ज्यांच्या नसेल त्यांना आठवण करून देतो, कारण प्रस्तुत लेख हा त्या बक्षिसाचा जमाखर्च आहे. भित्तिपत्रकाचे नाव होते ‘श्वान-चित्रपट महोत्सव’. गाजलेल्या चित्रपटांतील नायकांच्या जागी कुत्री असती तर काय झाले असते, अशी ती कल्पना. चित्रे काढणारे निराळे होते. मजकूर मात्र माझा होता, आणि त्याचा मला अभिमानही होता. आता थोडा कमी आहे. का, ते पुढे येईलच.

आधी मजकुराचा मासला देतो. ‘कासाब्लांका’ (१९४२) घ्या. विमानतळ, धुके, आणि रिक आपल्या प्रेयसीला तिच्या नवऱ्याबरोबर विमानात बसवून देतो. आता रिकच्या जागी एखादा बुलडॉग उभा करा. कोट उत्तम शोभेल, चेहऱ्यावरची उदासी तर उपजतच आहे. पण विमान सुटले रे सुटले की हा गृहस्थ धावपट्टीच्या टोकापर्यंत भुंकत त्यामागे धावणार! त्याग ही गोष्ट कुत्र्याला जमत नाही. ‘सिटिझन केन’ (१९४१) मध्ये मरताना केनच्या ओठी आलेल्या एका शब्दाचा अर्थ शोधण्यात सगळा चित्रपट खर्ची पडतो. केन कुत्रा असता तर तो शब्द म्हणजे लहानपणी पुरून ठेवलेले हाड, आणि शोध घेणारा वार्ताहरही कुत्रा असता तर त्याने पाच मिनिटांत ते उकरून आणले असते. हिचकॉकच्या ‘सायको’चे (१९६०) तर पहिल्याच रिळात दिवाळे. तळघरातल्या आईसाहेबांचे रहस्य माणसांपासून लपते, नाकापासून कसे लपणार? ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) मधल्या शीशमहालात अनारकली नाचू लागली आणि हजार आरशांत हजार प्रतिस्पर्धी दिसले की शाहजादा सलीम गाणे ऐकायचे सोडून छताकडे बघून भुंकत बसेल. काचेच्या महालात शिरलेल्या कुत्र्याची गोष्ट आपण कीर्तन-प्रवचनांतून ऐकलेलीच आहे. आणि ‘शोले’त (१९७५) सगळीच पात्रे श्वान असली, तर बांधलेला वीरू बसंतीला कोणापुढे नाचू नकोस म्हणून बजावतो, त्या वाक्यातला अपमानच नाहीसा होतो, नुसते वस्तुस्थितीचे वर्णन उरते.

फक्त एका चित्रपटाचे काही बिघडले नाही. तो म्हणजे कुरोसावाचा ‘सेव्हन सामुराई’ (१९५४). सात कुत्री गाव राखतात, मोबदल्यात पोटापुरते अन्न घेतात, आणि संकट टळल्यावर गाव त्यांना विसरते. मी मजकुरात लिहिले होते, ‘यात नवीन काय? आमच्या गावी हे रोज चालते.’ या ओळीला प्राध्यापक-कक्षात दाद मिळाल्याचे कळले.

नुसत्या चित्रांनी भागेना, म्हणून एक छायाचित्र हवे असे ठरले. वसतिगृहाच्या मागे टिप्या नावाचा कुत्रा असतो. पांढऱ्या अंगावर डोळ्यापाशी एक काळा टिपका, म्हणून टिप्या. कँटीनच्या पायरीवर त्याची बैठक, आणि ग्लुकोज बिस्किटाच्या पुड्याचा आवाज त्याला दोन इमारतींपलीकडून ऐकू येतो. त्याला आम्ही कोट चढवला, टाय बांधला, डोक्यावर हॅट ठेवली. हॅट पडे. मग एकाने ती दोऱ्याने हनुवटीखाली बांधली. ‘उभा कर, उभा कर,’ असे मीच ओरडलो. एका मित्राने मागून त्याचे पुढचे पाय धरले, दुसऱ्याने फोटो काढले. पंधरा-वीस निघाले असतील. आम्ही पोट धरधरून हसत होतो. टिप्या पहिल्यांदा शेपूट हलवत होता. मग शेपूट थांबली. मग तो एकाएकी पोटावर आडवा झाला आणि त्याने तिथेच मुतले. आम्ही त्याही गोष्टीला हसलो. टायसकट तो जो पळाला तो आठ दिवस कँटीनकडे फिरकला नाही. छायाचित्र मात्र झकास आले होते.

बक्षीस समारंभानंतर मंडळाचे काम पाहणारे आमचे सर म्हणाले, “मजकूर बरा आहे. पण तुम्हांला वाटते तसे तुम्ही पहिले नव्हेत. हे हॉलिवुडमध्ये करून झालेले आहे.” आणि त्यांनी मला नावे लिहून दिली.

खरोखरच झालेले आहे. १९२९ ते १९३१ या काळात मेट्रो-गोल्डविन-मेयर, म्हणजे सिंहाच्या गर्जनेने सुरू होणारी प्रख्यात चित्रसंस्था, हिने ‘डॉगव्हिल कॉमेडीज’ नावाची लघुपटांची एक मालिका काढली. नऊ लघुपट, त्यांत झाडून सगळी पात्रे कुत्री. झायन मायर्स आणि ज्यूल्स व्हाइट हे दिग्दर्शक. मूकपटाचे युग संपून बोलपट नुकताच बोलू लागला होता, आणि बोलणारी माणसे ही नवलाई असेल तर बोलणारी कुत्री ही त्याहून मोठी नवलाई, असा साधा हिशेब. संस्थेच्याच ‘ब्रॉडवे मेलडी’ला उत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले होते, त्याचे विडंबन ‘डॉगवे मेलडी’. आफ्रिकेतील साहसावरच्या ‘ट्रेडर हॉर्न’चे ‘ट्रेडर हाउंड’. आणि पहिल्या महायुद्धाच्या भीषणतेवरचा ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ (१९३०) हा चित्रपट, त्याचेही ‘सो क्वाएट ऑन द कॅनाइन फ्रंट’! लष्करी गणवेशातली कुत्री, मागून माणसांचे आवाज.

यांतले दोन-तीन लघुपट मी मोबाइलवर पाहिले. खोटे कशाला सांगू, पहिली दोन मिनिटे हसलो. टोपी, कोट, झगा अशा थाटात दोन पायांवर उभे असलेले श्वान गप्पा मारतात, आणि ओठ शब्दांबरोबर हलतात. मग हे साधले कसे, असा प्रश्न पडला, आणि हसू आटले. ओठ हलावेत म्हणून कुत्र्यांना चिकट टॉफी चघळायला देत. बराच वेळ उभी राहावीत म्हणून बारीक तारांनी त्यांना वर धरून ठेवीत, असेही या लघुपटांविषयी सांगितले जाते. एकदा हे कळल्यावर कपड्यांकडे लक्ष राहत नाही, डोळ्यांकडे जाते. माणूस-कुत्रा समोरच्या पात्राशी बोलतो आहे, पण नजर चौकटीच्या बाहेर, कुठेतरी बाजूला, शिकवणाऱ्या माणसाच्या हाताकडे. आमचे छायाचित्र मी पुन्हा काढून पाहिले. टिप्याची नजरही कॅमेऱ्याकडे नव्हती. त्याचे पाय धरणाऱ्या हातांकडे होती.

इथे मला द्वितीय वर्षाचा साहित्यशास्त्राचा तास उपयोगी पडला (सरांनी नोंद घ्यावी). भरतमुनींनी अभिनयाचे चार प्रकार सांगितले आहेत: आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. अंगाचा, वाणीचा, वेषभूषेचा आणि सत्त्वाचा. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, कंप, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव परीक्षेसाठी आपण पाठ करतो आणि पेपर संपला की विसरतो. नटाच्या दृष्टीने हे सर्वांत अवघड, कारण ते वरवर आणता येत नाहीत. मन एकाग्र झाले तरच अंगावर उमटतात. आता कुत्र्याला ही फूटपट्टी लावून पाहा. वाचिक त्याला नाही. आहार्य त्याला नको असते. पण कंप, रोमांच, स्तंभ? कुत्रा भ्याला की थरथरतो, रागावला की पाठीवरचे केस ताठ होतात, चाहूल लागली की एक पाय उचललेला तसाच ठेवून थिजतो. ज्यासाठी नट आयुष्य वेचतो ते त्याच्याकडे जन्मतः आहे, कारण त्याला खोटे वागायचे नसतेच. (आमच्या मजकुरातले सगळे विनोद याच एका गोष्टीवर उभे होते, हे लिहिताना मला कळले नव्हते.) डॉगव्हिलवाल्यांनी काय केले? जे दोन प्रकार कुत्र्याचे नव्हेत, वाचिक आणि आहार्य, तेवढेच त्याच्यावर लादले. आणि जो खरा त्याचा होता तो टोपीखाली झाकला.

कुत्र्याला कुत्राच राहू देण्याचे शहाणपण सिनेमाला पूर्वी नव्हते असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये सेसिल हेपवर्थ यांनी १९०५ साली ‘रेस्क्यूड बाय रोव्हर’ हा सहा-सात मिनिटांचा मूकपट काढला. घरचाच कारखाना: कथा पत्नीची, पळवून नेलेले बाळ म्हणजे स्वतःची मुलगी, आणि नायक घरचा कोली जातीचा कुत्रा, ब्लेअर. बाळ पळवल्याचे कळताच रोव्हर खिडकीतून उडी घेतो, रस्ता धरतो, नदी पोहून जातो, दारे हुंगतो, बाळ शोधतो, त्याच वाटेने परत येतो आणि मालकाला घेऊन जातो. या धावण्यातच चित्रपटाचे सगळे व्याकरण आहे. एका दृश्यातून उजवीकडे गेलेला कुत्रा पुढच्या दृश्यात त्याच दिशेने यायला हवा, तरच प्रेक्षकाला वाट सलग वाटते. संकलनाचे हे तत्त्व आज कोणत्याही शिबिरात पहिल्या दिवशी शिकवतात. मूकपटाच्या प्रती इतक्या खपल्या की मूळ फिल्म झिजली आणि तो सबंध पुन्हा चित्रित करावा लागला, एकूण तीन वेळा. ब्लेअर तिन्ही वेळा धावला. धावणे हे त्याचेच काम होते.

दुसरे उदाहरण रशियाचे. १९२० च्या सुमारास लेव्ह कुलेशोव्ह यांनी मोझुखिन या नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्रण कधी सुपाच्या वाडग्याशेजारी, कधी शवपेटीशेजारी जोडले, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर एकदा भूक, एकदा दुःख दिसले. हा प्रयोग माणसावर केला म्हणून गाजला. कुत्र्यावर तो आपण रोज करतो. दाराशी बसलेला कुत्रा, पुढचे दृश्य रिकामा रस्ता: विरह. तोच कुत्रा, पुढचे दृश्य ताटातली पोळी: लोभ. कुत्र्याने काहीच केलेले नाही. भाव आपण भरतो, तो फक्त जागा देतो. मला तर वाटते, पडद्यावर कुत्रा आपल्याला इतका जवळचा वाटतो तो याचमुळे.

रिन टिन टिनची कथा बहुतेकांना ठाऊक आहे. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्सच्या फ्लिरे गावी, बॉम्बने उद्ध्वस्त झालेल्या श्वानशाळेत ली डंकन या अमेरिकन सैनिकाला हे पिल्लू सापडले, आणि पुढे ते मूकपटांतले अव्वल नाव झाले. पहिल्या ऑस्करच्या वेळी उत्कृष्ट नटासाठी सर्वाधिक मते त्यालाच पडली होती, ही गोष्ट चवीने सांगतात. तिला दंतकथाच समजावे. मला त्यातली दुसरीच बाब खटकते. ज्या युद्धातून हे पिल्लू जीव वाचवून आले, त्याच युद्धाचा खेळ दहा-बारा वर्षांनी हॉलिवुडने दुसऱ्या कुत्र्यांना गणवेश घालून केला.

न्यायाने हेही सांगायला हवे की सिंहवाल्या संस्थेने पुढे निराळी वाट धरली. तिच्याच ‘विझर्ड ऑफ ऑझ’मध्ये (१९३९) टोटो नावाचे चिमुकले कुत्रे पडदा दातांनी ओढते आणि त्यामागे लपलेला ढोंगी जादूगार उघडा पडतो. टोटोने एकही शब्द उच्चारलेला नाही. १९४३ च्या ‘लॅसी कम होम’मध्येही कुत्रीने फक्त घरी चालत येण्याचे काम केले आणि जगाला रडवले. (लॅसी मादी, काम करणारा पॅल नर! बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटू नये.)

माझा एक मित्र यावर म्हणतो, “शिकवले तर कुत्राही नटच. २०२३ साली कानला पाम दोर मिळालेल्या ‘ॲनाटॉमी ऑफ अ फॉल’मधला तो मेसी बघ. विषबाधा झाल्यासारखा डोळे उघडे ठेवून, जीभ बाहेर काढून मेल्यागत पडतो. त्याला ‘पाम डॉग’ हा श्वानांचा पुरस्कारही मिळाला.” हे मी मान्य करतो. पण तिथे त्याला बांधलेले नव्हते, आठवड्यांमागून आठवडे खेळासारखे शिकवले होते, आणि जे शिकवले ते निपचित पडणे, म्हणजे कुत्र्याच्या अंगात मुळात असलेलेच. आपल्याकडेही १९६० च्या प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ साली नियम झाले असून चित्रपटात प्राणी वापरायचा तर प्राणी कल्याण मंडळाकडे जावे लागते. चित्रपटाच्या आरंभी कोणत्याही प्राण्यास इजा झाली नसल्याची पाटी येते ती त्यामुळेच. आमच्या भित्तिपत्रकावर तशी पाटी नव्हती. असती तर ती खोटी ठरली असती.

टॉफीवरून आठवले. ‘पाथेर पांचाली’मधील (१९५५) ते प्रख्यात दृश्य आपल्या मंडळाने दाखवले आहे. मिठाईवाला कावड घेऊन पुढे, मागे दुर्गा, तिच्यामागे अपू, आणि सर्वांच्या मागे एक गावठी कुत्रा. तळ्याच्या पाण्यात चौघांचे प्रतिबिंब. त्या कुत्र्याने मागोमाग यावे म्हणून सत्यजित रायांनी दुर्गेच्या पाठीमागच्या हातात संदेश धरायला दिला होता. म्हणजे आमिष इथेही गोडाचेच. पण ते कुत्र्याने माणसासारखे बोलावे म्हणून नव्हते, कुत्रा खाऊमागे जसा जातो तसे जावे म्हणून होते. आणि त्या मिरवणुकीत मुलांना मिठाई विकत घ्यायला पैसे नाहीत. तीही त्या कुत्र्यासारखीच वासावर चालली आहेत.

आता सरांनी दिलेल्या यादीतले शेवटचे नाव. व्हित्तोरिओ दे सिका यांचा ‘उम्बेर्तो डी.’ (१९५२). रोममधला एक निवृत्त सरकारी नोकर, पेन्शन तुटपुंजे, घरमालकीण खोली खाली करायला सांगते आहे. जवळचे असे एकच: फ्लाइक नावाचा कुत्रा. उम्बेर्तोची भूमिका करणारे कार्लो बात्तिस्ती हे पेशाने नट नव्हते. ते फ्लॉरेन्सला भाषाशास्त्राचे प्राध्यापक होते. म्हणजे या चित्रपटात माणूसही न-नट आणि कुत्राही न-नट.

म्हातारा भीक मागायचे ठरवतो. हात पुढे करतो; समोरचा खिशात हात घालतो तोच याला लाज वाटते आणि पाऊस पडतो की काय ते पाहावे तसा तो हात उलटा करतो. मग तो आपली हॅट फ्लाइकच्या तोंडात देतो, त्याला मागच्या दोन पायांवर उभे करतो आणि स्वतः खांबाआड लपतो. कुत्रा उभा आहे. तोंडात हॅट. येणारे-जाणारे बघतात. तेवढ्यात ओळखीचा एक गृहस्थ येतो आणि उम्बेर्तो धावत पुढे होऊन, कुत्रा खेळतो आहे असे भासवतो.

हे दृश्य मी खोलीत रात्री पाहत होतो, आणि थांबवून पुन्हा पाहिले. हॅट, दोन पाय, उभा कुत्रा: डॉगव्हिलमध्ये हेच आहे. आमच्या भित्तिपत्रकावरही हेच आहे. पण दे सिकांनी कुत्र्याला माणूस केलेले नाही. माणसाला जे करवत नाही ते त्याने कुत्र्यावर ढकलले आहे, आणि ढकलल्याची शरम खांबाआड उभी आहे. आमच्या छायाचित्रात खांबाआड कोणी नव्हते. आम्ही सगळे समोर उभे राहून हसत होतो.

चित्रपटाच्या शेवटी म्हातारा फ्लाइकला छातीशी धरून रेल्वेखाली जीव द्यायला उभा राहतो. गाडी जवळ येताच कुत्रा किंचाळून हातातून निसटतो. गाडी निघून जाते, दोघेही वाचतात, पण कुत्रा आता जवळ येत नाही. बोलावले की दूर सरकतो. इथे फ्लाइकचे सर्व सात्त्विक भाव एका ठिकाणी आहेत: कंप आहे, स्तंभ आहे. त्यात शिकवलेले किती आणि खरे किती, हे मला कळत नाही. कळू नये हीच त्या दिग्दर्शकाची मातब्बरी. म्हातारा झाडाआड लपतो, देवदाराचे एक बोंड उचलून त्याच्यापुढे नाचवतो, टाकतो, पुन्हा टाकतो. कितीतरी वेळाने कुत्रा उडी मारतो. खोली नाही, पैसा नाही, काही सुटलेले नाही. दोघे खेळत लांब जातात आणि चित्रपट संपतो.

युधिष्ठिराबरोबर स्वर्गाच्या दारापर्यंत गेलेला कुत्रा आपल्या परिचयाचा आहे. तिथे धर्माने कुत्र्याचे सोंग घेतले होते. व्यासांनी कुत्र्याला कोणाचे सोंग दिले नाही, हे एवढ्यासाठी नोंदवतो की आमच्या पुढल्या भित्तिपत्रकाचा विषय अजून ठरायचा आहे, आणि हे कुणाला सुचले तर चित्र काढण्यापुरतेच सुचावे.

टिप्या नवव्या दिवशी आला. टाय त्याने कुठे टाकला कोण जाणे. कँटीनच्या पायरीवर न येता समोरच्या गुलमोहराखाली बसला. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले होते. मी बिस्किटाचा पुडा घेऊन चार पावले गेलो, तर तो आठ पावले मागे सरला. मग मी पायरीवर बसलो आणि बिस्कीट खाली, हाताच्या अंतरावर ठेवले. त्याच्याकडे न बघता पुस्तक वाचू लागलो, म्हणजे वाचल्यासारखे केले. हा माझा अभिनय त्याला पहिल्या दिवशी पटला नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. आता तो बिस्कीट उचलतो आणि गुलमोहराखाली नेऊन खातो. हॅट घातलेले कोणी आले तर अजूनही उठून जातो.